दाटीच्या आत

बसा ताई. वर जाणारच आहात तुम्ही, पण त्याआधी जरा या बाकावर टेका. एक गोष्ट सांगतो. फार लांबण लावणार नाही. हिच्यात राक्षस-बिक्षस कोणी नाही, एक मेलेला तारा आहे तेवढा, आणि तोही लांब आहे, आपल्या अंगावर यायचा नाही. गोष्टी सांगायची मला खोडच लागलीय. लिफ्टचा मेकॅनिक होतो मी, जन्म शाफ्टमध्ये गेला. दोन मजल्यांच्या मधे माणूस अडकला की वरून हात चालू आणि तोंडही चालू. काहीबाही सांगत राहायचं, बायको कशी भांडली, साहेब कसा घसरून पडला. माणूस ऐकत राहिला की घाबरत नाही. निम्म्या गोष्टी खोट्या असायच्या. ही तेवढी खरी आहे, म्हणून जरा अडखळत सांगेन.

तुम्ही त्याच्या शेजारच्या टेबलावर बसता, बरोबर? त्या मोठ्या मशीनवर त्याचं काम लागलेलं आहे, ते चालू ठेवायचं का बंद करायचं एवढंच त्याच्या तोंडून हवंय, आणि तो फोन उचलत नाही. नाही उचलत. आमचाही नाही उचलत, आणि आम्ही भिंतीपलीकडे राहतो. वर बघू नका, तिसऱ्या मजल्यावर खिडकीत उभी आहे ती आमची ही, त्याची आई. पोराला विचारत एक मुलगी आली म्हटल्यावर तिच्या डोक्यात काय काय चाललं असेल, देव जाणे. हसू नका. नाही, हसा, हसा. बऱ्याच दिवसांत इथं कोणी हसलेलं नाही.

तर सुरुवात एका सोफ्यापासून. मी दात काढायला चाललो होतो. दात राहिलाच, अजून तोंडात आहे. भर कामाच्या दिवशी, ऊन चांगलं वर आलेलं. त्या रस्त्यावर फर्निचरचं एक मोठं दुकान आहे, पुढं सगळी काच. काचेमागं अख्खी खोली मांडून ठेवलेली असते, दिवा, गालिचा, टेबलावर प्लास्टिकची फळं, मागं पुस्तकांचं कपाट. आणि सोफ्यावर एक माणूस बसून डबा खातोय. मला वाटलं, काय डोकं लढवलंय दुकानदारानं, फर्निचरबरोबर माणूसही मांडून ठेवलाय! चार पावलं पुढं गेलो आणि थांबलो. कान ओळखला मी. आधी कान, मग माणूस. उजवा कान त्याचा जरा बाहेर आहे, माझ्यासारखा. मांडीवर डबा, तोंड चालू, नजर समोर. घरी जेवतो तसाच जेवत होता, ताटाकडं न बघता. सोफ्याच्या हाताला किमतीचा कागद लटकत होता तो त्याच्या कोपराला लागत होता, आणि तो दर घासाला कोपर जरासं बाजूला घ्यायचा. सकाळी आमच्यासमोर ऑफिसला म्हणून निघाला होता. बापानं काय करावं अशा वेळी? काचेवर टकटक करावी. हात वर गेलासुद्धा माझा. आणि त्याच हातानं मी आपले केस नीट केले आणि चालू लागलो. का, ते मला विचारू नका. आत तो इतका नीट बसला होता ना, कुठं धक्का लागू नये असं वाटलं.

संध्याकाळी आला. मी म्हटलं, “काय शास्त्रीबुवा, कसं काय आज?” लहानपणी सारखं ‘असं का, तसं का’ विचारायचा, तेव्हापासून शास्त्रीबुवाच म्हणतो मी त्याला. म्हणाला, “चाललंय, बाबा.” “आणि काम?” “चाललंय.” डबा स्वतः धुतला, पालथा घातला. ही खूश. “बघा, आज एक घास टाकला नाही पोरानं.” मी हो म्हटलं. केबिनमध्ये एकदम माणसं भरली की ती इंचभर खाली बसते, आतल्या कोणाला कळत नाही, पण वर दोराजवळ उभा असलेल्याला कळतं. तसं माझं झालं. आणि मग ते रोजच होत राहिलं.

त्याचं काम मला कळतं असं मी म्हणणार नाही. सातवीत शाळेनं मला सोडलं, का मी शाळेला, यावर अजून वाद आहे. पण ऐकलंय इतक्यांदा की पाठ झालंय. स्वयंपाकघरात ही भांडी लावत असायची आणि तो ओट्याला टेकून सांगायचा. “बाबा, तारा मरतो आणि आपल्याच वजनाखाली चेपला जातो. इतका दाट होतो की चमचाभर उचलला तर डोंगराएवढा भरेल.” ही म्हणायची, “चमचा कुठला पण? माझा नको.” तो हसायचा. “त्या दाटीत अणूच्या पोटातला ऐवजसुद्धा एकमेकांत चेपला जातो. तो ऐवज एकमेकाला इतकं घट्ट धरून असतो की सुटा कधी कोणाला सापडलाच नाही. खूप तापवला तर मात्र वितळतो. मला बघायचंय तो कसा वितळतो. लोण्यासारखा हळूहळू, का बर्फासारखा, आता घट्ट तर आता पाणी.” मी विचारलं, “मग काय निघालं?” “दाटी नसेल तर लोण्यासारखा. ते लोकांनी मशीनवर काढलंय. पण दाटी वाढवत नेली की कुठंतरी आत एक जागा असावी, तिथून पुढं तो बर्फासारखा वागतो. असावी. आहे का, कुठं आहे, कोणाला माहीत नाही.” मी म्हटलं, “मग घाल की दाटी मशीनमध्ये. तुला कोण अडवतंय?”

तेव्हा तो खाली बसला. पाट मांडून बसावं तसा, जमिनीवर. “तिथंच तर जाता येत नाही, बाबा. मशीन काय करतं, त्या ऐवजाच्या खूप खूप अवस्था मांडतं, प्रत्येकीला वजन देतं आणि सरासरी काढतं. दाटी नसते तोवर सगळी वजनं सरळ. दाटी घातली की कुठलं वजन अधिक होतं, कुठलं उणे. एवढे अधिक, जवळजवळ तेवढेच उणे. ते एकमेकाला खाऊन टाकतात आणि खाली उरतं केसाएवढं. उत्तर त्या केसात असतं. आणि माझ्या मोजण्यातली थरथर असते दोरखंडाएवढी.” मला एकदम उजेड पडला. मी म्हटलं, “अरे हे तर काउंटरवेट! केबिन एकीकडं, वजन दुसरीकडं. निम्मी भरलेली केबिन असली की दोन्ही सारखी होतात, मोटरला काही भारच कळत नाही. आत माणसं आहेत का पोती, काही पत्ता नाही.” तो म्हणाला, “अगदी तसंच, बाबा.” मी फुगलो. “मग सोपंय. काउंटरवेट काढून टाक.” तेव्हा मात्र तो इतका हसला, इतका हसला की हिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. डोळे पुसत म्हणाला, “काढलं की लिफ्ट कुठं राहते, बाबा?” तेही खरंच. पण हसला होता. ते हसणं मी अजून धरून ठेवलंय, कुठं ठेवलंय ते सांगत नाही.

“मग तू करतोस काय?” मी विचारलं. “दाराबाहेर उभा राहतो,” म्हणाला. “दाटी शून्य असते तिथं उभं राहायचं. तिथं मोजता येतं. तो ऐवज जागच्या जागी किती डुचमळतो ते बघायचं. मग त्या डुचमळण्याची डुचमळ. मग तिची. एकेक पायरी. आणि त्यावरून आत काय असेल ते बांधायचं. आत न जाता.” “पायऱ्या किती लागतात?” “सगळ्या,” म्हणाला. “आणि दर पायरीला धुकं वाढतं.” ही म्हणाली, “जेवायला चला आता, धुक्यानं पोट भरणार आहे का.” त्या वेळी वाटलं, काय छान काम आहे पोराचं. बसल्या जागेवरून मेलेल्या ताऱ्याच्या पोटात काय आहे ते सांगायचं. आता वाटतं, इतकी वर्षं एक माणूस दाराबाहेर उभा आहे, आणि आपल्यापैकी एकानंही त्याला म्हटलं नाही की बाबा रे, पाय दुखले असतील, बस.

मग एक दिवस, त्या सोफ्याच्या बऱ्याच आधी, आला तो असा, की बूट न काढताच आत. “बाबा, वळलं.” काय वळलं? कुठल्याशा पायरीवर आकडे सरळ जात होते ते वळले होते. म्हणजे आत ती जागा असणार, लोण्याचा बर्फ होतो ती. तुमच्या त्या सभेत सांगितलं त्यानं, तुम्ही होता ना? लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणाला. ही शेजारीपाजारी सांगत सुटली, माझ्या मुलाला ताऱ्यात काहीतरी सापडलं. शेजारीण म्हणाली, सोनं का? त्यानंतर मशीन चालूच होतं, आणखी आकडे येत होते, आणि ते वळण जरासं सपाट झालं. मग आणखी सपाट. मग नव्हतंच. धुक्यानं काढलेलं चित्र होतं ते. मला हे त्यानं फार शांतपणे सांगितलं, साबणाचा हात धुता धुता. मी म्हटलं, “कोणी काही बोललं का तुला?” “नाही, बाबा. सगळे म्हणाले, होतं असं आपल्या कामात.” “मग झालं तर.” तो नळ बंद करून उभा राहिला. म्हणाला, “पण मला दिसलं होतं ना.” बस. एवढंच. चुकीचं वायरिंग असतं तर दाखवलं असतं, इथं बघ, इथं सुटलंय. त्याचं काही सुटलेलंच नव्हतं. सगळं बरोबर करूनही नव्हतं ते नव्हतं.

लहान असताना त्याला मी बरोबर न्यायचो कधी कधी. मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट, ऑफिस सुटायची वेळ, माणसं नुसती कोंबलेली. तो माझ्या कमरेएवढा. गर्दीत दिसायचाच नाही. मी हात खाली सोडून त्याच्या डोक्यावर ठेवायचो, एवढाच तो मला कळायचा. केस गरम, घामेजलेले, आणि श्वास घेतला की डोकं जरासं वर यायचं. वर येतंय, खाली जातंय, म्हणजे पोरगं ठीक आहे. आजूबाजूला लोक कपाळावर आठ्या घालून आकडे बघतायत, आणि मी तळहातानं ऐकतोय. आता तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. हात कुठं ठेवायचा?

त्याला सोफ्यावर बघितल्यानंतर त्या दुकानावरून मी रोज जायला लागलो. हिला सांगायचो दाताचं. ही म्हणायची, “केवढा दात आहे हो, हत्तीचा आहे का?” कधी तो तिथं असायचा, कधी नसायचा. एकदा नव्हता, तर मी आत गेलो. विकणारा माणूस गोड होता, टाय लावलेला. मी सोफ्याकडं बघतोय म्हटल्यावर धावत आला. “बसून बघा काका, बसल्याशिवाय कळत नाही. याला फार मागणी आहे. एक साहेब तर रोज येऊन बसतात, ठरत नाही त्यांचं. आई-बाबांसाठी घ्यायचाय म्हणतात. दोघांना टेकायला नीट व्हायला हवा म्हणतात.” मी बसलो, ताई. तो बसायचा त्याच कोपऱ्यात. मला बघायचं होतं त्याला तिथून काय दिसतं. समोर रस्ता, आवाज नाही. माणसं जातायत, तोंडं हलतायत, ऐकू काही येत नाही. मागच्या कपाटातली पुस्तकं बघितली, तर आतून पोकळ, नुसते पुठ्ठे. दिव्याला वायर होती, पण ती कुठं लावलेली नव्हती. म्हटलं, हे असतं का त्याच्या मनात? अशी शांतता हवी असते का? का इथं कोणी काही विचारत नाही म्हणून? का खरंच आमच्यासाठी सोफा बघतोय खुळा? डोक्यात एकेक येत होतं आणि एकेक खोडलं जात होतं. आणि मान वर केली तर काचेबाहेर तो उभा. हातात डबा.

किती वेळ झाला सांगता येत नाही. मी आत, तो बाहेर. मी हसलो का? मला वाटतं मी हसलो. तो विकणारा माझ्या कानाशी म्हणत होता, “कापड धुता येतं, काका.” पोरानं मान हलवली, रस्त्यात अनोळखी माणसाला वाट देताना हलवतो ना आपण, तशी. आणि गेला. रागानं नाही हो. रागानं गेला असता तर मी मागं पळालो असतो. त्याची एक बसायची जागा होती सगळ्या जगात, आणि मी जाऊन तिथं बसलो होतो.

त्या दिवसापासून खोलीत आहे. दार लावून. आम्ही बाहेर गेलो की आंघोळ करतो, टॉवेल ओला सापडतो. ताट आत जातं, निम्मं बाहेर येतं. मी दाराशी खुर्ची टाकून बसतो. ही म्हणते, “जगाला गोष्टी सांगता, आणि पोराशी बोलताना दातखीळ बसते तुमची.” बसते. दाताचंच काहीतरी आहे माझ्या. एकदा सांगितली दारातून गोष्ट, एक बाई लिफ्टमध्ये अडकली आणि आतूनच मला स्वयंपाकाची भांडी विकायला लागली ती. रंगवून सांगितली. संपली. आत खुर्ची करकरली. हसला? का रडला? का नुसता सावरून बसला? करकरण्यावरून मी काय बांधू? ताट निम्मं खाल्लं, हे बरं. निम्मं टाकलं, हे वाईट. दिवा लावला, बरं. पडदा नाही उघडला, वाईट. दिवसभर बरं आणि वाईट मांडतो, आणि संध्याकाळी दोन्ही एकमेकाला खाऊन बसलेले असतात. हातात काही राहत नाही. ही येते, विचारते, “काय वाटतं तुम्हाला?” मी म्हणतो, “ठीक आहे.” ती म्हणते, “हो ना?”

आणखी एक सांगतो, हे हिलाही माहीत नाही. एकदा हिला पुढं पाठवून मी जिन्यातून परत आलो, आणि तो आंघोळीला गेला होता तेव्हा त्याच्या दाराची आतली कडी काढून टाकली. मनात नको ते यायला लागलं होतं. स्क्रू खिशात टाकले आणि खुर्चीवर येऊन बसलो. तो परत आला, दार लोटलं. कडी चाचपली असेल हातानं. नसलेली जागा लागली असेल बोटांना, ती भोकं. तेव्हापासून दार नुसतं लोटलेलं असतं. उघडतं, ताई. एका बोटानं ढकललं तर उघडतं. आणि तरी मी बाहेरच. मोटर ठीक, दोर ठीक, ब्रेक मोकळा, आणि केबिन जागची हलत नाही, असं मी कामात कधी बघितलं नव्हतं. आत गेलो आणि त्यानं परत त्या दिवसासारखी मान हलवली तर? ओळख नसल्यासारखी? मग मी कुठल्या दाराशी बसू?

तुम्ही मघाशी म्हणालात, नवीन आकडे आलेत, पण त्यातूनही काही नक्की सांगता येत नाही, वळतंय असंही नाही, नाही वळत असंही नाही. मी तुम्हाला विचारणार होतो की त्याला खोटं सांगा, वळलं म्हणून सांगा. जिभेवर आलं होतं. पण त्याला कळेल. त्याला तुमच्या तोंडाकडं बघूनच कळेल, आणि मग माझ्यासारखेच तुम्हीही त्याच्या जागेवर जाऊन बसलेल्या व्हाल. तेव्हा खरं आहे ते सांगा. काम बंद करायचं असेल तर तेही विचारा, मशीन काय कोणासाठी रिकामं थांबत नाही, एवढं मला कळतं.

पण उत्तर खोलीत घेऊ नका. एवढंच मागणं आहे माझं. तो ‘चालू ठेवा’ म्हणायला लागला, ‘बंद करा’ म्हणायला लागला, तरी त्याला मधेच थांबवा. म्हणा, मला उशीर झालाय, खाली चल, जिना उतरता उतरता सांग. फाटकापर्यंत आणा त्याला. पुढं नाही आणलंत तरी चालेल. मी या बाकावर नसेन, घाबरू नका. हिला घेऊन मागच्या बाजूला जातो, त्या टाकीच्या आड, तिथून फाटक दिसतं आणि आम्ही दिसत नाही. तो बोलतोय काय ते मला ऐकायचं नाही. चालतो कसा तेवढं बघायचंय, उन्हात. आणि दार ढकलू नका हं, उघडं असलं तरी. टकटक करा आणि थांबा. वेळ लागेल. आतून काही ऐकू येणार नाही, वाटेल कोणी नाहीच. तरी फिरू नका, ताई. थांबा तिथंच.